अठराव्या वर्षानंतर : संस्थेत वाढलेल्या मुलांच्या प्रौढ आयुष्याचा विचार

स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीवर लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले होते. इतिहास हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्याने ते स्वाभाविकही होते. परंतु लिहावयास बसलो आणि चार वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. त्यामुळे लेखाचा विषय बदलला.

जून महिना होता. प्रवेशाची गर्दी ओसरल्यावर तिशीकडे झुकलेला एक तरुण कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. आपला माजी विद्यार्थी. दहावी होऊन त्याला तेरा वर्षे झाली होती आणि तो एका औद्योगिक वसाहतीत वायरमन म्हणून काम करीत होता. दाखल्याची दुय्यम प्रत हवी असेल, असे समजून मी लेखनिकांना हाक मारली. तो म्हणाला, "सर, दाखला आहे माझ्याजवळ. मला माझा पाचवीच्या प्रवेशाचा अर्ज पाहायचा आहे. त्यावर आईचा अंगठा आहे."

तेव्हा सारे आठवले. वडील नसलेल्या या मुलाला त्याच्या आजारी, मोलमजुरी करणाऱ्या आईने पाचवीत आपल्या वसतिगृहात आणून सोडले होते. दोन वर्षांत ती गेली. जवळचे कोणी नसल्याने बालकल्याण समितीच्या आदेशाने सुट्ट्यांमध्ये तो बालगृहात राहू लागला. दहावीनंतर त्याची सर्व व्यवस्था तिकडेच झाली आणि अठरा वर्षे पूर्ण होताच तेथूनही तो बाहेर पडला. आईचे एकही छायाचित्र त्याच्याजवळ नव्हते. जगात तिची म्हणावी अशी एकच खूण उरली होती आणि ती आपल्या शाळेच्या दप्तरात होती.

अर्ज सापडला. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, अंगठा शाबूत होता. तो पुष्कळ वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग चहा घेताना सहज बोलावे तसे त्याने सांगितले की, बालगृहातून बाहेर पडल्यावर पहिले सात महिने तो एका वर्कशॉपमध्ये झोपत असे, कारण खोली भाड्याने देणारा प्रत्येक जण घरचा पत्ता आणि ओळखीचा माणूस विचारी. "तेव्हा शाळेचा पत्ता दिला असता तर चालले असते का, सर?" असे त्याने विचारले. त्याचा वर्गशिक्षक मी होतो. तेरा वर्षांत त्याचे काय झाले, हे मी एकदाही विचारले नव्हते. दाखल्यावर सही केली आणि माझे कर्तव्य संपले, असे मी मानले होते.

आई-वडिलांच्या छत्राबाहेर, शासनाच्या वा संस्थेच्या देखरेखीखाली वाढलेल्या मुलांचे पुढे तिशीत, चाळिशीत काय होते? आणि ते बरे व्हावे यासाठी कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

दोन ऐतिहासिक उदाहरणे

बौद्ध वाङ्मयात जीवकाची कथा विनयपिटकाच्या महावग्गात येते. राजगृहातील सालवती या गणिकेने जन्मतःच टोपलीत घालून उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल राजकुमार अभयाने उचलून आणले आणि वाढविले. थोर वैद्य म्हणून जीवक आपणा सर्वांना परिचित आहे. मात्र या कथेतील तीन तपशिलांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जाणता झाल्यावर जीवक अभयाला विचारतो, की माझी आई कोण आणि वडील कोण? आई मला ठाऊक नाही, मात्र तुला मी वाढविले म्हणून तुझा पिता मी, असे अभय सांगतो. त्यावर, हाती विद्या असल्यावाचून राजकुळाच्या आधाराने जगणे सोपे नाही, असा विचार करून जीवक तक्षशिलेस जातो आणि सात वर्षे वैद्यक शिकतो. शिकून परतताना मिळालेली पहिली मोठी कमाई तो आपल्या संगोपनाची परतफेड म्हणून अभयापुढे ठेवतो. अभय ती घेत नाही. ती तुझीच असू दे, पण घर मात्र आमच्याच वाड्यात बांध, असे तो सांगतो.

आपण कोणाचे, या प्रश्नाला मिळालेले प्रामाणिक उत्तर, स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतकी विद्या, आणि मोठे झाल्यावरही उघडे राहिलेले घर, अशा या तीन गोष्टी आहेत. पुढील विवेचनात त्या पुन्हा पुन्हा भेटतील.

दुसरे उदाहरण आपल्या जवळच्या काळातील आहे. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. जोतीरावांनी 1887 साली केलेल्या मृत्युपत्रात त्याला आपला वारस केले. तो शिकून डॉक्टर झाला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले, त्या वेळी यशवंत विशीच्याही आत होता. दत्तकपुत्राने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे झाल्या, हे सर्वश्रुत आहे. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा याच यशवंताने रुग्णांवर उपचार केले. त्या सेवेतच सावित्रीबाईंना संसर्ग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रसंगाकडे आपण सावित्रीबाईंच्या धैर्याचा प्रसंग म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात यशवंताचीही बाजू आहे. नाव मिळाले, शिक्षण मिळाले, कागदावर वारसाही मिळाला. तरीही ऐन वेळी चारचौघांनी त्याला त्याचे परकेपण दाखवून दिले. अशा क्षणी त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणीतरी त्याला होते. आज बालगृहातून बाहेर पडणाऱ्या कित्येक मुलांना नेमके हेच माणूस नसते.

मुलांच्या मागे चालत गेलेले अभ्यास

दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. त्यासाठी अनेक मुलांचा, अनेक वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास हवा. असे अभ्यास बहुतांशी परदेशात झाले आहेत. परिस्थिती वेगळी असली तरी मूल सर्वत्र मूलच असते, म्हणून ते आपणासही उपयोगी आहेत.

सर्वांत दुःखद आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण रुमानियाचे आहे. लोकसंख्या वाढविण्यासाठी चाउशेस्कू यांच्या राजवटीने 1966 साली गर्भपातावर बंदी घातली. पोसता न येणारी मुले शासकीय संस्थांत टाकली जाऊ लागली. डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. कित्येक ठिकाणी खाणे मिळे, पण मूल उचलून घेणारे, त्याच्याशी बोलणारे कोणी नसे.

यांतील काही मुले इंग्लंडमधील कुटुंबांनी दत्तक घेतली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 165 मुलांचा पाठपुरावा सुरू केला, आणि हा अभ्यास ती मुले बावीस ते पंचवीस वर्षांची होईपर्यंत चालला. वयाच्या सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर आलेली मुले मोठेपणी इतर दत्तक मुलांसारखीच निघाली. सहा महिन्यांहून अधिक काळ संस्थेत काढलेल्यांची गोष्ट वेगळी होती. लहानपणी त्यांची बुद्धी मंद भासे, ती उणीव तरुणपणापर्यंत बरीचशी भरून निघाली. भावनिक त्रास मात्र वाढत्या वयाबरोबर अधिक दिसू लागले. असे असूनही या दुसऱ्या गटातील सुमारे एकपंचमांश मुले कोणत्याही टप्प्यावर कोणतीही लक्षणीय अडचण न येता वाढली.

आपण शिक्षकांनी यातून मोठा धडा घ्यावयास हवा. गुणपत्रिका सुधारली म्हणजे मूल सावरले, असे आपण धरून चालतो. बुद्धीची भरपाई पुष्कळशी होते. मनाची झीज उशिरा, कित्येकदा शाळा सुटल्यानंतर दिसू लागते, आणि तेव्हा आपण जवळ नसतो.

दुसरा अभ्यास बुखारेस्ट शहरात 2000 च्या सुमारास सुरू झाला. संस्थेत असलेल्या 136 तान्ह्या मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून निवडण्यात आली आणि प्रशिक्षण दिलेल्या पालक कुटुंबांत ठेवण्यात आली. उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणे चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची, बौद्धिक वाढ आणि माणसांशी जडणारे नाते या दोन्ही बाबी स्पष्टपणे सरस ठरल्या. याच काळात, 2004 साली, रुमानियाने कायदा करून तीव्र अपंगत्वाचा अपवाद वगळता दोन वर्षांखालील मूल संस्थेत ठेवण्यास बंदी केली.

तिसरा अभ्यास हवाई बेटांपैकी कौआई येथील आहे. ही मुले संस्थेतील नव्हती, पण त्यांतील अनेकांच्या वाट्याला दारिद्र्य, घरातील कलह, आई-वडिलांचे व्यसन वा मानसिक आजार आले होते. एमी वर्नर यांनी 1955 साली तेथे जन्मलेल्या 698 मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. सर्वाधिक प्रतिकूल परिस्थितीतील मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम, आत्मविश्वासू आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात एक समान गोष्ट आढळली, ती म्हणजे टिकून राहिलेले, विश्वासाचे एक तरी माणूस. कोणाची आजी होती, कोणाचे शेजारी, कोणाचे शिक्षक. याहून आशादायक निष्कर्ष असा, की अठराव्या वर्षी वाट चुकलेल्यांपैकी बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. पुन्हा शिक्षण घेण्याची संधी, स्थिर नोकरी, समजूतदार जोडीदार, एखाद्या समुदायाचा आधार यांमुळे हे घडले. म्हणजे अठराव्या वर्षी माणसाचा निकाल लागत नाही.

अठरावा वाढदिवस

घरच्या मुलाच्या अठराव्या वाढदिवसाने त्याचे घर सुटत नाही. नोकरी लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत आणि त्यानंतरही अडीअडचणीला तो घरी येतो. संस्थेतील मुलाला मात्र कायदा अठराव्या वर्षी प्रौढ ठरवितो आणि त्याच दिवशी त्याचे अंथरूण, ताट आणि पत्ता हे सारे एकदम सुटते.

अमेरिकेतील इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील अशा 732 तरुणांचा वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत अभ्यास झाला. त्यांपैकी निदान 31 टक्के तरुण तोवर एकदा तरी बेघर झाले होते. वरचा अंदाज 46 टक्क्यांपर्यंत जातो. इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत शासनाच्या छत्राखाली राहण्याची मुभा होती, इतर दोन राज्यांत बहुतेकांना अठराव्या वर्षीच बाहेर पडावे लागे. इलिनॉयमधील तरुणांचे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. पुढे 2008 साली राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत ही व्यवस्था चालविता यावी यासाठी तेथे केंद्रीय कायदा झाला. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने पालक कुटुंबातील मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहता येते.

ऑस्ट्रेलियाने आणखी वेगळी गोष्ट शिकविली. विसाव्या शतकात तेथे पाच लाखांहून अधिक मुले अनाथालये, बालगृहे आणि पालक कुटुंबे यांत वाढली. त्यांतील अनेकांनी उतारवयात संसदीय समितीपुढे साक्षी दिल्या. मारहाण आणि उपासमार यांच्याबरोबरच एक तक्रार पुन्हा पुन्हा आली. आमची कागदपत्रे आम्हाला मिळत नाहीत, आम्ही कोण, भावंडे कोठे, आम्हाला का सोडले, हे आम्हाला कळत नाही. समितीचा अहवाल 2004 साली आला आणि 16 नोव्हेंबर 2009 रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राच्या वतीने या माणसांची क्षमा मागितली. साठ-सत्तर वर्षांची माणसे जीवकाचाच प्रश्न विचारीत होती. आपल्या कार्यालयात आलेला तो तरुणही वेगळे काही विचारीत नव्हता.

आपल्याकडील व्यवस्था

मुंबई प्रांतात मुलांविषयीचा कायदा 1924 साली झाला आणि 1927 साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. शासनाच्या देखरेखीखाली मुले वाढविण्याची आपल्याकडील परंपरा अशी शंभर वर्षांची आहे. त्याच सुमारास, 1925 साली, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. बालगृह आणि वसतिगृह यांचे हेतू वेगळे. परंतु आई-वडील गमावलेल्या मुलासाठी आपले वसतिगृह हेच घर असते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

सध्या लागू असलेल्या बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. ही अनुरक्षणाची मदत एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक स्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात अनुरक्षणगृहे आहेत, आणि 2018 साली राज्याने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते.

तरतुदी आहेत, परंतु त्या मुलापर्यंत पोहोचविणारे माणूस लागते. अर्ज कोठे करावयाचा, हे अठरा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? आपल्या समाजातील मुलांपुढे तर जातीच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. वडील नाहीत, काका-मामा विचारत नाहीत, गावी घर नाही, अशा मुलाने पुरावा कोठून आणावयाचा? पुष्कळदा शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद हाच त्याच्याजवळचा महत्त्वाचा पुरावा असतो. ती नोंद अपुरी वा चुकीची राहिली, तर बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क त्या मुलापुरता कागदावरच राहतो.

आपण काय करू शकतो

आपली शाळा शासन नाही. परंतु पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

1. प्रवेश अर्ज, छायाचित्रे, आलेली पत्रे आणि नोंदवह्या हा मुलांचा ठेवा समजून जपावा. ज्यांना घर नाही, त्यांचे कागद मुदत संपली म्हणून कधीही नष्ट करू नयेत. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे आणि त्याला घेऊन आलेल्या माणसाचे एकत्र छायाचित्र काढून ठेवावे.

2. असा विद्यार्थी शाळा सोडण्यापूर्वी त्याचे आधार कार्ड, बँक खाते, जातीचा दाखला आणि लागू असल्यास अनाथ प्रमाणपत्र तयार आहे ना, हे वर्गशिक्षकाने पाहावे. तोंडी सांगून भागत नाही, त्याच्याबरोबर कार्यालयात जावे लागते.

3. अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका माजी विद्यार्थ्याने उभे राहावे आणि हे नाते निदान पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकवावे. पैशांपेक्षा येथे सातत्य महत्त्वाचे आहे. महिन्यातून एक दूरध्वनी, निकालाच्या दिवशी चौकशी, आजारपणात भेट, खोली घेताना ओळख म्हणून सही, लग्नात त्याच्या बाजूने चार माणसे. एक वर्ष करून सोडून द्यावयाचे असेल, तर आरंभच करू नये, कारण ही मुले सुटून गेलेली माणसे आधीच पुष्कळ मोजत असतात.

4. सुट्टीत मुलाला घरी नेण्याची इच्छा अनेक पालक व्यक्त करतात. भावना चांगली आहे. परंतु बालकल्याण समितीच्या ताब्यातील मुलाबाबत समितीची परवानगी आवश्यक असते आणि मुलाच्या सुरक्षिततेसाठी ती अटळ आहे. अडचणीत असलेले मूल दिसल्यास 1098 हा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा.

5. शाळेचा पत्ता त्याचा पत्ता म्हणून देता यावा आणि गावात आल्यावर दोन दिवस राहण्यास एक खोली असावी.

एक दक्षता मात्र आपण सर्वांनी घ्यावी. या मुलांना 'बिचारे' म्हणू नये. त्यांच्या आयुष्यातील उणिवांची यादी आपण करतो, तेव्हा त्यांनी एकट्याने काय काय पार केले, त्याची नोंद राहून जाते. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अशी माणसे आहेत आणि ती उत्तम संसार व कामे करीत आहेत. वर सुचविलेल्या योजनेत मार्गदर्शक म्हणून पहिला मान त्यांचा असावा, कारण त्या वाटेवरचे खाचखळगे त्यांच्याइतके इतर कोणाला ठाऊक नाहीत.

त्या दिवशी अर्जाची रंगीत छायाप्रत काढून मी त्या तरुणाला दिली. मूळ कागद त्याने मागितला नाही. "तो इथेच राहू द्या, सर. पुन्हा यायला कारण राहील," असे तो म्हणाला. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये तो येतो आणि वसतिगृहातील पंखे व दिवे तपासून देतो. गेल्या वर्षी लेकीला घेऊन आला होता. तिला त्याने तो अंगठा दाखविला आणि ही तुझी आजी, असे सांगितले. कार्यालयातील कपाटात तो अर्ज आता वेगळ्या पाकिटात, वाळवीपासून दूर ठेवलेला आहे. त्या कपाटात असे आणखी किती अर्ज आहेत, ते मोजण्याचे काम या वर्षी आम्ही हाती घेतले आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना त्यात हातभार लावावयाचा असेल, त्यांनी अवश्य यावे.